चार गळ आणि दोन परवाने

कायद्याने एका माणसाला किती गळ वापरता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे? दोन. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काहीही अडलेलं नव्हतं. मासा एकतर काचेच्या पेटीत असतो किंवा बाजारात बर्फावर असतो, एवढीच माझी माशांशी ओळख. ती वाढवावी असं ना मला कधी वाटलं, ना माशांना.

पण एका मंगळवारी जेवता जेवता माझे सासरे म्हणाले, "मला तलावावर जायचंय."

वाक्य साधंच होतं. तरी बायकोच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला. कारण गेल्या आठ महिन्यांत सासऱ्यांनी तोंडाने काहीही मागितलं नव्हतं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते आमच्याकडे होते. पाय सावकाश का होईना चालत होते, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालत होती, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. सासऱ्यांनी तो डाव्या हाताने खिडकीतून खाली टाकला. खालच्या शिंप्याने वर आणून दिला. त्यांनी परत टाकला. तिसऱ्यांदा शिंप्याने तो स्वतःकडेच ठेवून घेतला. डॉक्टर म्हणत होते, "हात हलेल हो, पण त्यांना तो हलवावासा वाटला पाहिजे." आणि सासऱ्यांना तर दिवसभर खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत बसण्यापलीकडे काही करावंसं वाटतच नव्हतं.

"जाऊ या की बाबा," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका जपून निघाला की मला माझा घास चावायची भीती वाटली.

"चारही गळ न्यायचे," सासरे म्हणाले.

इथे माझं चुकलं. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. कुठे किती मर्यादा आहे हे विचारल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. मी विचारलं, "चार चालतात का?" सासऱ्यांनी मान फिरवून टाकीकडे पाहिलं आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं. दोन्हींपैकी टाकीचं नशीब बरं होतं.

चार चालत नव्हतेच. सहा वर्षांपूर्वी नियम झाला होता : एका परवान्यावर दोन गळ. सासरे त्याआधी तीस वर्षं चार टाकत होते, त्यामुळे हा नियम आपल्यानंतर आलेल्यांसाठी आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. या समजुतीपायी त्यांच्या परवान्यावर दोन शेरे बसले होते. तिसरा बसला की परवाना कायमचा रद्द. असा रद्द झालेला परवाना पुन्हा मिळत नाही, वय कितीही असो आणि हात कसाही असो.

"बाबा, दोनच टाकले तर?" मी चाचरत म्हटलं.

"तुम्ही शर्टाला दोनच बटणं लावून ऑफिसला जाता का?"

ते गळ त्यांनी स्वतः घरी बनवलेले होते आणि त्यांना नावंही होती. थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. शेंडेफळाची काठी टोकाशी जराशी वाकडी होती आणि सासऱ्यांचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर. दोन न्यायचे आणि दोन घरी ठेवायचे म्हटलं तर कोणते ठेवायचे, या प्रश्नाने ते दोन दिवस जेवले नाहीत. मग बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लावून घेतलं. आमच्या घरात दार लावून झालेला कुठलाही निर्णय माझ्या बाजूने लागलेला नाही.

"तुम्ही परवाना काढा," ती म्हणाली. "दोन गळ बाबांचे, दोन तुमचे. झाले चार."

"मी? अगं, मला गांडूळ बघून—"

"मग काय शिंप्याला सांगू? माझी रविवारी औषधांच्या दुकानात पाळी असते. नाहीतर मीच काढला असता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवंसं वाटलंय हो."

आता नाही म्हणायला मी काही दगड नव्हतो. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीला कळलं.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात. वकील ते कधीच नव्हते. कोर्टात टंकलेखक होते. पण तीस वर्षं कायदा बोटांतून गेल्यामुळे तो डोक्यात गेला असणार असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आहे. ते नियमावली घेऊन हजर झाले आणि माझ्या खुर्चीत बसून त्यांनी मला कलम वाचून दाखवलं.

"नीट ऐका. गळ ज्याच्या हातात असेल, तो त्याचा धरला जाईल. हातात कोणाच्याच नसेल, तर ज्याच्या नावाचा असेल त्याचा. म्हणजे काय? तुम्ही सासऱ्यांना मदत म्हणून त्यांच्या गळाला नुसता हात लावलात, की तुमच्याकडे झाले तीन. तुम्ही गुन्हेगार!"

"आणि त्यांनी माझ्या गळाला हात लावला तर?"

"तर ते गुन्हेगार. आणि त्यांचा तिसरा शेरा." वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. न्यायाधीश शिक्षा सुनावण्याआधी असंच करत असावेत.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंचा सल्ला वेगळा होता. गळ फेकताना जबडा सैल सोडायचा, बाकी सगळं आपोआप होतं. त्यांनी मला जिन्यात उभं करून तोंड उघडायला लावलं, जबडा सैल होतोय का ते पाहिलं आणि जाता जाता सांगितलं की उजवीकडची खालची दाढ लवकर दाखवून जा. मासेमारीच्या छंदाने मला मिळालेली ही पहिली गोष्ट.

परवान्याच्या कार्यालयात मी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीमागे एक बाई होत्या. गेली सव्वीस वर्षं मीही एका खिडकीमागेच बसतो, तेव्हा आपल्याला जरा बिरादरीची वागणूक मिळेल अशी माझी भाबडी आशा होती. बाईंनी माझा अर्ज तीन वेळा परत दिला. पहिल्यांदा फोटोत माझे कान दिसत नव्हते. दुसऱ्यांदा कान दिसत होते, पण ते फोटोच्या मागे लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा 'वापरायच्या गळांची संख्या' या रकान्यात मी अगदी मनापासून 'शक्यतो एकही नाही' असं लिहिलं होतं.

"एक किंवा दोन, एवढंच लिहायचं," बाई म्हणाल्या.

"कमीत कमी किती चालतात?"

"साहेब, मागे रांग आहे." हे वाक्य मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. समोरच्याला ते असं लागतं याची मला कल्पना नव्हती.

मग परीक्षा झाली. वीस माशांची चित्रं, त्यांतले कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे ते ओळखायचं. सासऱ्यांनी आदल्या दोन संध्याकाळी माझी तयारी करून घेतली. ते शेपट्या आणि कल्ले समजावून सांगत, मी चुकलो की "अहो, डोळे आहेत ना तुम्हाला?" असं ओरडत आणि बायको दाराआड उभी राहून हसत असे. मी बारा गुणांनी पास झालो. पास व्हायला बाराच लागत होते. सासरे म्हणाले, "काठावर का होईना, पण आलात," आणि त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

फेकण्याचा सराव मी गच्चीवर केला. तपशिलात जात नाही. एवढंच सांगतो की मी जबडा सैल सोडला, डोळे मिटले, गळ फेकला आणि तो वकीलसाहेबांच्या वाळत घातलेल्या पायजम्यात असा काही रुतला की पायजमा दोरीसकट खाली अंगणात उतरला. वकीलसाहेबांनी माझ्यावर कोणतंही कलम लावलं नाही, पण चार दिवस ते माझ्याशी फक्त लेखी बोलले.

अखेर रविवार उजाडला. तलाव शहरापासून तासाभरावर होता. मी कामाचा माणूस, त्यामुळे घोळ होऊ नये म्हणून चोख व्यवस्था करूनच निघालो होतो. ऑफिसात फायलींना लावतो त्या रंगीत फिती मी आणल्या होत्या. सासऱ्यांच्या नावचे थोरला आणि मधला, त्यांना लाल फीत. माझ्या नावचे धाकटा आणि शेंडेफळ, त्यांना निळी. त्याच फितींवर आमचे परवाना क्रमांकही सुवाच्य अक्षरात लिहिले. शेंडेफळ माझ्या नावावर आलेलं पाहून सासऱ्यांचा चेहरा पडला होता, पण एका हाताने ओढायला थोरला आणि मधला हेच दोन सोपे होते. त्यांनी निमूटपणे मान हलवली. ते निमूटपणे मान हलवतात तेव्हा मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

गांडुळाचं काय झालं ते सांगत नाही. मी डोळे मिटून ते लावलं आणि त्यानेही बहुधा डोळे मिटून घेतले असावेत.

सासऱ्यांनी डाव्या हाताने थोरला फेकला, तो लव्हाळ्यात अडकला. मी हात पुढे केला आणि ते खेकसले, "खबरदार! तीन होतील!" मग त्यांनी स्वतःच हळूहळू ओढून तो सोडवला, पुन्हा फेकला आणि या वेळी तो बरोबर पाण्यात पडला. माझा धाकटा पहिल्या फेकीत माझ्याच टोपीत अडकला, दुसऱ्या फेकीत टोपीसकट पाण्यात गेला. टोपी अजून तिथेच आहे. शेवटी कसेबसे चारही गळ टेकूंवर उभे राहिले, चार बुचं पाण्यावर डुलू लागली आणि सासरे घडीच्या खुर्चीत टेकून बसले. ते कुठल्याही टाकीकडे बघत नव्हते. मला एकदम फार बरं वाटलं.

दोन तास काही झालं नाही. मासेमारी म्हणजे हेच असतं, असं मला सांगण्यात आलं. अकरा वाजता सासऱ्यांच्या गोळीची वेळ झाली आणि गोळ्यांची पिशवी गाडीत राहिलेली. मी बांधावर चढून गाडीपाशी गेलो, पिशवी घेतली, वळलो आणि वरून मला एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी, की बांधाच्या दुसऱ्या टोकाकडून परवाने तपासणाऱ्या, गणवेशातल्या निरीक्षक बाई सायकलवरून येत होत्या. दुसरी अशी, की शेंडेफळाचं बूच पाण्याखाली गेलं होतं आणि सासरे खुर्चीत नव्हते. ते पाण्याच्या काठाशी उभे होते आणि निळ्या फितीचं शेंडेफळ त्यांच्या हातात होतं.

हातातला एक, शिवाय त्यांच्या नावचे टेकूवर असलेले दोन, म्हणजे तीन. तिसरा शेरा. आणि कोणता गळ कोणाचा याबद्दल कोणाला शंका राहू नये, याची सुवाच्य अक्षरात तजवीज मीच करून ठेवलेली! फिती नसत्या तर काहीतरी घोळ घालता आला असता. मी बांधावरून जो सुटलो, तो एक बूट चिखलात सोडून खाली पोचलो. "बाबा, सोडा तो!" एवढंच ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तेव्हाच मला त्यांचा उजवा हात दिसला.

तो फिरत होता. डाव्या हाताने त्यांनी काठी छातीशी धरली होती आणि उजव्या हाताची बोटं रिळाच्या दांडीवर घट्ट मिटून गरागरा फिरत होती. सासऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचं सगळं ध्यान पाण्यात होतं. "ये, ये, ये बाळा," असं ते पुटपुटत होते. आता 'सोडा' म्हणणं शक्यच नव्हतं.

सायकल पन्नास पावलांवर आली होती. मला जे सुचलं ते मी केलं. त्यांच्या नावचा थोरला उचलून एका हातात घेतला, मधला उचलून दुसऱ्या हातात घेतला आणि एका बुटाने, बिनटोपीचा, ताठ उभा राहिलो.

निरीक्षक बाई तरुण होत्या आणि अतिशय सभ्य होत्या. त्यांनी सायकल उभी केली, नमस्कार केला आणि मोजायला सुरुवात केली.

"आजोबांच्या हातात एक. तुमच्या हातात दोन. आणि हा टेकूवरचा निळ्या फितीचा?"

"माझा," मी म्हटलं.

"म्हणजे तुमचे तीन झाले, सर."

"हो. झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांकडे पाहिलं, त्यांच्या फिरणाऱ्या हाताकडे जरा जास्त वेळ पाहिलं. फितींवरचे क्रमांक वाचले. "इतकी छान व्यवस्था कोणी ठेवत नाही," असं कौतुकही केलं. मग वही काढून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, एक सांगू? दोन्ही कशाला उचललेत? एकच उचलला असतात, तर तुमचे दोन, त्यांचे दोन. कोणाचाच गुन्हा झाला नसता."

मी मनातल्या मनात बेरीज केली. पुन्हा केली. सव्वीस वर्षं मी लोकांच्या बेरजा तपासतोय, त्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारतोय.

"आता एक खाली ठेवला तर?"

"आता मी पाहिलंय ना, सर," त्या खरोखरच वाईट वाटून म्हणाल्या आणि लिहू लागल्या. मला दंड, माझा परवाना वर्षभर स्थगित आणि तीन महिने कार्यालयाच्या फलकावर नाव.

तेवढ्यात मासा काठाला आला. सासऱ्यांनी त्याला जाळ्यात घेतलं. बाईंनी पट्टी लावून तो मोजला आणि मान हलवली. दोन बोटं कमी. धरण्याजोगा नव्हता, सोडावा लागणार होता. आता सासरे भडकणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण ते हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "दोन बोटं!" ते म्हणाले. "अहो, दोन बोटांसाठी केवढा हा तमाशा!" मग वाकून, दोन्ही हातांत धरून त्यांनी मासा पाण्यात सोडला. तो निघून गेल्यावर मात्र त्यांचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. ते किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मीही बघत होतो. निरीक्षक बाई लिहायच्या थांबल्या होत्या.

घरी आल्यावर बायकोला मीच सगळं सांगितलं. तिने माझ्या परवान्याचं काय झालं ते विचारलंच नाही. "हात किती वेळ फिरला? आणि बोटं मिटली? पाचही?" हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी पाचव्यांदा सांगितलं, तेव्हा ती डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली. वकीलसाहेबांनी आपणहून बोलणं सुरू करून अपील करायचा सल्ला दिला आणि दंतवैद्य बाईंनी दाढेची आठवण केली.

ऑफिसात मात्र माझी पुरती शोभा झाली. आमच्या विभागातला एकजण दर रविवारी त्याच तलावावर जातो, हे मला फलक लागल्यावर कळलं. त्याने फलकाचा फोटोच आणला. वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव आणि पुढे : 'एकाच वेळी तीन गळ. हातात दोन, टेकूवर एक.' पुढचे कितीतरी दिवस माझ्या टेबलाशेजारून जाणारा प्रत्येकजण मला गंभीरपणे विचारी, "किती, दोन की तीन?" साहेबांनीसुद्धा एकदा विचारलं. आयुष्यात कधी लाल सिग्नल न तोडलेल्या माणसावर ही वेळ! मी त्या रस्त्याला पुन्हा फिरकायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात सासरे म्हणाले, "मला त्या कार्यालयात घेऊन चला."

"कशाला बाबा?"

"काम आहे."

काम विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. शनिवारी दुपारी आम्ही गेलो. फलक नेमका खिडकीशेजारी, रांगेतल्या प्रत्येकाला वाचता येईल असा टांगलेला होता. मी मान खाली घालून भिंतीशी उभा राहिलो. सासरे सावकाश चालत फलकापुढे गेले, चष्मा लावला आणि वरपासून एकेक नाव वाचू लागले. माझं चौथं होतं. तिथे ते थांबले.

रांगेतले दोघं जण तेच वाचून हसत होते. एकजण म्हणाला, "तीन! हातात दोन आणि टेकूवर एक म्हणे. काय हावरट माणूस असेल!"

सासरे वळले. भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी हात केला. उजवा हात, तो अजून जरा सावकाशच वर येतो.

"हे," ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे आमचे जावई."